जुन्या हत्यारांवरचा गंज घरच्या घरी कसा काढावा

गंजलेली पटाशी किंवा रंध्याचे पाते हातात आले की ते थेट ग्राइंडरला लावायचा मोह होतो. तो आवरा. चाकाच्या घर्षणाने पातळ धार क्षणात तापते आणि निळी पडते. निळी पडली म्हणजे पोलादाचे पाणी, म्हणजेच त्याचा कडकपणा, उतरला. असे हत्यार दिसायला चकचकीत असते, पण त्याची धार दोन घावांत बसते. गंज काढताना गंजच निघायला हवा, त्याखालचे चांगले लोखंड जागेवर राहिले पाहिजे. पुढच्या सगळ्या पद्धती या हिशेबाने निवडल्या आहेत.

आधी गंज ओळखा

कापडाला थोडे मशीनचे तेल लावून हत्यार पुसा. तांबूस भुकटी कापडावर आली आणि खाली धातू दिसला, तर गंज वरवरचा आहे. त्याला भिजवायची गरज नाही. पापुद्रे सुटत असतील किंवा नख अडकेल असे खवले असतील, तर सौम्य ॲसिडच्या द्रावणात भिजवावे लागेल. गुळगुळीत, काळपट-करडा थर असेल तर तो ठेवा. तो घट्ट बसलेला असतो आणि खालच्या धातूला थोडेफार संरक्षणच देतो.

गंज खोल गेला असेल तर तो निघाल्यावर खाली खड्डे दिसतात. ते कोणत्याही रसायनाने भरत नाहीत. पान्यावर किंवा हातोडीवर ते असले तरी काही बिघडत नाही. पटाशीच्या सपाट पाठीवर, धारेपासून पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये मात्र ते नकोत, कारण धार म्हणजे पाठ आणि उतार जिथे भेटतात ती रेघ. पाठीवरचा खड्डा धारेत खाच बनून उतरतो. तेवढाच भाग दगडावर सपाट करा, सगळी पाठ घासत बसू नका.

सुटे करा, तेलकटपणा काढा

लाकडी मुठी आणि दांडे शक्य असेल तर काढा. लाकूड पाण्याने फुगते, मग सुकताना आकसून सैल होते. स्क्रू जाम असतील तर गंज सोडवणारे तेल टाकून एक रात्र थांबा आणि खाचेत पूर्ण बसेल असाच पेचकस वापरा. घाईत खाच मोडली की काम दुप्पट होते. सुट्या भागांचा क्रमाने फोटो काढून ठेवा. मग भांड्याच्या साबणाने आणि ब्रशने सगळे धुऊन घ्या. हा टप्पा बरेच जण गाळतात आणि नंतर ठिपक्याठिपक्यांनी गंज का राहिला म्हणून कोड्यात पडतात. तेलाचा थर असेल तिथे द्रावण धातूपर्यंत पोहोचतच नाही.

जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका, त्यात शिसे असू शकते. ओला करूनच घासा, मास्क लावा.

वरवरचा गंज

थोडे रॉकेल किंवा पातळ तेल टाकून २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग ४०० ने. पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळा, नाहीतर बोटांच्या दाबाने कडा गोल होतात. घासण्याची दिशा हत्याराच्या लांबीने ठेवा. कंपनीचा ठसा असलेल्या जागी पेपर लावू नका, तिथे पितळी ब्रश पुरेसा आहे. रॉकेल वापरताना जवळपास ज्योत नको.

जाड गंज: भिजवणे

घरगुती कामाला सायट्रिक ॲसिड सर्वांत सोयीचे. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, म्हणजे साधारण ५ टक्के. साधे पांढरे व्हिनेगरही चालते. त्यातही ॲसिटिक ॲसिड ५ टक्क्यांच्या आसपासच असते, म्हणून त्यात पाणी घालू नका. सायट्रिकला बहुधा २ ते १२ तास लागतात, व्हिनेगरला १२ ते २४.

भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे घ्या. हत्यार पूर्ण बुडाले पाहिजे. अर्धे बाहेर राहिले तर द्रावणाच्या पातळीवर धातू जास्त खाल्ला जातो आणि एक रेघ कायमची उमटते. दर दोन तासांनी बाहेर काढून ब्रश मारा, उलटे करून पुन्हा ठेवा. सैल झालेला गंज काढत राहिलात तर वेळ बराच वाचतो. गंज निघाला की लगेच बाहेर काढा, कारण त्यानंतर ॲसिड लोखंडाला लागते आणि पृष्ठभाग खरखरीत, मळकट करडा होतो. रात्री ठेवून सकाळी विसरून गेल्यामुळे खराब झालेली हत्यारे गंजाने खराब झालेल्यांपेक्षा फार कमी नसतील.

व्हिनेगरमध्ये मीठ घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. काम लवकर होते हे खरे, पण खड्ड्यांत आणि सांध्यांत अडकलेले मीठ नंतर नव्याने गंज चढवते. त्यापेक्षा चार तास जास्त थांबलेले बरे.

जस्ताचा मुलामा असलेल्या, ॲल्युमिनियमच्या आणि क्रोमचा थर उडालेल्या वस्तू ॲसिडमध्ये टाकू नका. जस्त सरळ विरघळते, आणि क्रोमखाली शिरलेले ॲसिड उरलेला थरही उचलते. स्प्रिंगा आधी काढून ठेवा. ॲसिडमुळे कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. फरशी साफ करायचे तीव्र ॲसिड तर खोलीतही आणू नका. त्याच्या वाफेने शेजारी ठेवलेली स्वच्छ हत्यारेही गंजतात. द्रावण हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्यात ब्लीच कधीही मिसळू नका.

त्यानंतरची दहा मिनिटे

सगळी मेहनत इथे वाया जाते किंवा टिकते. ॲसिडमधून निघालेले लोखंड अगदी उघडे असते आणि ओल्या हवेत काही मिनिटांत त्यावर केशरी छटा धरते. म्हणून हत्यार बाहेर काढण्याआधीच पुढची तयारी हाताशी ठेवा: एका बादलीत १ लिटर पाण्याला १ मोठा चमचा खाण्याचा सोडा, दुसरीत स्वच्छ पाणी, दोन कोरडी फडकी, हेअर ड्रायर, तेल.

पाण्यात खंगाळा, काळी काजळी तारेच्या घासणीने काढा, सोड्याच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवा. बुडबुडे थांबले की पुन्हा स्वच्छ पाणी, लगेच पुसणे, आणि मग हाताला चांगले गरम लागेपर्यंत ड्रायर. गरम असतानाच तेल लावा. उष्णतेने बारीक फटींतले पाणी उडून जाते आणि पातळ झालेले तेल तिथे शिरते. तरीही केशरी छटा आलीच तर घाबरू नका. ती वरवरची असते, तेल आणि बारीक घासणीने निघते.

फारच गंजलेल्या वस्तूंसाठी वीज

कुदळीचे फाळ, मोठे पाने, व्हाइस अशा जाडजूड वस्तूंसाठी इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज काढणे, उत्तम, कारण त्यात चांगले लोखंड खाल्ले जात नाही. प्लास्टिकच्या बादलीत १ लिटरला १ मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला. १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार हत्याराला आणि धन तार साध्या लोखंडी पट्टीला जोडा. तारा उलट लागल्या तर पट्टीऐवजी हत्यारच झिजेल. जोडायची जागा आधी घासून उघडी करा, दोन्ही धातू एकमेकांना टेकू देऊ नका. पट्टीच्या समोरचा भागच नीट साफ होतो, म्हणून मधूनमधून हत्यार फिरवा. वेळ ४ ते २४ तास. बॅटरी ओळखल्याशिवाय सुरूच न होणारे नवे चार्जर इथे उपयोगाचे नाहीत.

पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, तिच्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात उतरतात. जस्ताच्या मुलाम्याचीही नको. सोड्याऐवजी मीठ वापरू नका, क्लोरीन वायू निघतो. बुडबुड्यांतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून हे काम उघड्यावर करा, ठिणगी दूर ठेवा आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. करवतीची पाती आणि स्प्रिंगा या पद्धतीत नकोत.

काही हत्यारांच्या खास गोष्टी

करवतीचे पाते भिजवण्यापेक्षा घासलेले चांगले, आणि पेपर दातांच्या थोडा वरच थांबवा. कानशीचे दात आधी तारेच्या ब्रशने रेघांच्या दिशेने साफ करा, मग काही तास व्हिनेगरमध्ये ठेवा. गंजाबरोबर अडकलेला चुराही सुटतो आणि दात थोडे तीक्ष्ण होतात. कानशीला नंतर फार तेल लावू नका, भुसा चिकटून ती भरते. जाम पक्कड जोर लावून उघडू नका. सांध्यात तेल सोडा, दुसऱ्या दिवशी थोडी थोडी हलवत पुन्हा सोडा. बाहेर येणारे तेल तांबडे दिसायचे थांबेपर्यंत हे चालू ठेवा.

पुन्हा गंज चढू नये म्हणून

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज वेगाने धरतो. तेलाचा अगदी पातळ हात पुरतो. जाड थरावर धूळ बसते आणि धूळ ओल धरते. रोज वापरायच्या हत्यारांना मेण जास्त सोयीचे, हात आणि लाकूड तेलकट होत नाहीत. हातांच्या घामात मीठ असते, म्हणून काम संपल्यावर धातूचा भाग पुसूनच ठेवा. चामड्याच्या म्यानात मात्र हत्यारे कायमची ठेवू नका, कमावलेल्या चामड्यातले क्षार आणि ओल तिथे गंज धरवतात.

लाकडी मुठींना जवसाचे तेल चोळा, पंधरा मिनिटांनी जास्तीचे पुसून घ्या. त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाकून द्या.