नव्या कंपनीत गाडीवर बसताना जुनी चलनं, जुन्या केसेस कशा सांगाव्यात

कळंबोलीला आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बीड, पाथर्डी, जत, सांगोल्याकडची नवी मुलं ड्रायव्हर म्हणून येतात. पगार-भत्त्याचं बोलणं झालं की बहुतेक जण आवाज खाली करून विचारतात, "साहेब, मागच्या गाडीवर चलनं आहेत, ती सांगायची का?" मी स्वतः बरीच वर्षं न्हावाशेवा ते नागपूर लाइनला कंटेनर चालवला आणि आता भरतीच्या टेबलावर बसतो. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे सविस्तर लिहितो आहे.

आधी तुमच्या नावावर नेमकं काय आहे ते समजून घ्या. कॅमेऱ्याने काढलेलं ई-चलन गाडीच्या नंबरवर पडतं. जुलै 2024 पासून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कॅमेरे वेग, लेन, सीट बेल्ट सगळं टिपतात आणि चलनाचा मेसेज जातो मालकाच्या मोबाइलवर. गाडी सोडली की ती चलनं तिथेच राहतात, तुमच्या लायसन्सला चिकटून नव्या कंपनीत येत नाहीत. मात्र पोलिसांनी मालकाकडे लेखी विचारणा केली तर त्या वेळी गाडीवर कोण होतं त्याचं नाव-पत्ता देणं मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे बंधनकारक आहे. आणि हवालदाराने रस्त्यात अडवून लायसन्स हातात घेऊन चलन केलं असेल, तर त्यात तुमचा लायसन्स नंबर असू शकतो.

म्हणून मी नव्या मुलाला सांगतो की सीट बेल्ट, नो पार्किंग, टेललाइट, पीयूसी असली किरकोळ चलनं घोकत बसू नकोस. विचारलं तर खरं सांग, पावत्या असतील तर दाखव, एवढं पुरे.

लायसन्स जमा होणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. अतिवेग (कलम 183), धोकादायक पद्धतीने गाडी चालवणं (184) आणि दारू पिऊन चालवणं (185) या गुन्ह्यांत पोलिस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. हातात मोबाइल धरणं आणि सिग्नल तोडणंही 184 मध्येच येतं. आरटीओ तुमचं म्हणणं ऐकून घेतं आणि पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित करू शकतं. पुन्हा तोच प्रकार झाला तर ते रद्दच होऊ शकतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय निलंबित लायसन्स परत मिळत नाही. याची नोंद आरटीओकडे राहते, आणि सरकारच्या 'सारथी' या लायसन्सच्या संकेतस्थळावर लायसन्स नंबर व जन्मतारीख टाकून कोणतीही कंपनी लायसन्सची सध्याची स्थिती पाहते. मीही पाहतो. तुम्ही समोर खुर्चीत बसलेले असतानाच पाहतो.

त्यामुळे मुलाखतीला निघण्यापूर्वी स्वतःचं लायसन्स तिथे एकदा तपासा. लायसन्सवरची ट्रान्सपोर्टची (धंद्याची गाडी चालवण्याच्या परवानगीची) मुदत संपली आहे का, हेही तिथेच कळतं. 2019 पासून ती पाच वर्षांची आहे आणि अनेकांना नूतनीकरणाची आठवणच राहत नाही.

निलंबन चालू असताना ते लपवून गाडीवर बसणं सगळ्यात वाईट. कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठं संकट म्हणजे त्याच काळात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला बघते. सुप्रीम कोर्टाने 2004 साली स्वर्णसिंग खटल्यात सांगितलं की नुसता लायसन्समध्ये दोष आहे एवढ्यावर विमा कंपनीची सुटका होत नाही, मालकाने ड्रायव्हर ठेवताना वाजवी काळजी घेतली नव्हती हे तिला दाखवावं लागतं. तसं दिसलं तर ती अपघातग्रस्ताला पैसे देऊन मालकाकडून वसूल करू शकते. मालक तुमचं लायसन्स उलटसुलट करून बघतो, जुन्या केसेस विचारतो, त्याचं खरं कारण हे आहे. त्याचा तुमच्यावर राग नसतो, त्याला आपला ट्रक आणि घर वाचवायचं असतं. हे एकदा ध्यानात आलं की त्या प्रश्नाची भीती निघून जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे अपघाताची केस, आणि इथे मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. निष्काळजीपणे गाडी चालवण्याचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 279 खाली दाखल व्हायचा, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 281 खाली होतो. अपघातात माणूस दगावला असेल तर पूर्वी 304-अ, आता 106. एफआयआर झाला म्हणजे तुम्ही दोषी ठरलात असं होत नाही. केस चालू असेल तर "केस चालू आहे" असंच सांगा. सुटला असाल तर निकालाची प्रत सोबत ठेवा. आणि एक कळकळीची विनंती: "गुन्हा कबूल कर, थोडा दंड भर, आजच मोकळा हो" असं कोर्टाच्या आवारात कुणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. कबुली देऊन भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी, आणि ती पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये लिहावी लागते. आधी वकिलाला स्पष्ट विचारा.

दोन-चार गाड्यांचा मालक हे काही विचारणार नाही, तो फार तर घाटात एक चक्कर मारायला लावेल. केमिकल, गॅस, पेट्रोलच्या टँकरवाल्या कंपन्या मात्र छापील फॉर्म देतात, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात, आणि त्या फॉर्मवर 'यापूर्वीचे अपघात / गुन्हे' असा रकाना असतो. तो रकाना कोरा सोडू नका आणि त्यात 'निरंक' असं खोटंही लिहू नका. एसटीत किंवा दुसऱ्या सरकारी खात्यात ड्रायव्हर व्हायचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. 2016 च्या अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, किरकोळ प्रकरणाकडे नोकरी देणारा कानाडोळा करू शकतो, पण खरं सांगितलं म्हणून नेमणूक दिलीच पाहिजे अशी सक्ती त्याच्यावर नाही. म्हणजे खरं सांगूनही नकार मिळू शकतो, ते मी लपवणार नाही. पण लपवलेली गोष्ट सहा महिन्यांनी उघड झाली तर नोकरीही जाते आणि शिफारस करणाऱ्या गाववाल्याची पतही जाते. आमच्या धंद्यात निम्म्या नोकऱ्या गाववाल्याच्या शब्दावर मिळतात.

कसं सांगायचं? थोडक्यात, कागद पुढे ठेवून, आणि पोलिसांना किंवा जुन्या शेठला शिव्या न घालता. तारीख, ठिकाण, गाडी कोणती, कलम कोणतं, पुढे काय झालं, एवढंच. लेखी द्यायचं असेल तर असं लिहा:

"मी दि. … रोजी … येथे ट्रक क्र. … चालवत असताना अतिवेगाबद्दल माझ्यावर कारवाई झाली. माझे लायसन्स तीन महिने निलंबित होते. मुदत संपल्यावर प्रशिक्षण पूर्ण करून ते दि. … रोजी परत मिळाले. निलंबन आदेश व प्रशिक्षण प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. सध्या माझ्यावर कोणतीही केस प्रलंबित नाही."

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. आणि दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसची पोच घ्या. उद्या मॅनेजर बदलला की "आम्हाला कधी सांगितलंच नाही" असं म्हणायला जागा उरत नाही.

मुलाखतीत आणखी एक बोलणं त्याच दिवशी करून घ्या: पुढे चलन आलं तर ते कुणी भरायचं? माझ्या मते वेग, बेल्ट, मोबाइल, लेन यांचं चलन ड्रायव्हरचं. फिटनेस, विमा, पीयूसी, परमिट यांचं मालकाचं. ओव्हरलोडचं तर पूर्ण मालकाचंच असायला हवं, कारण माल किती भरायचा हे ऑफिस ठरवतं. कलम 194 खाली ओव्हरलोडला वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार दंड आहे, आणि कायदा गाडी चालवणाऱ्यालाही धरतो, ती चालवायला लावणाऱ्यालाही. त्यामुळे वजनकाट्याची पावती बघितल्याशिवाय गाडी हलवू नका आणि वजन जादा असेल तर निघण्यापूर्वी ऑफिसला मेसेज टाका. फोनवर बोललेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

नोकरी लागल्यावरही सांगणं संपत नाही. चलन झालं तर त्याच दिवशी फोटोसकट कळवा. अपघात झाला तर जखमीला आधी दवाखान्यात पोचवा, जमाव अंगावर येत असेल तर जवळचं पोलिस ठाणं गाठा, पण पळून गावी जाऊ नका. कलम 134 प्रमाणे चोवीस तासांच्या आत पोलिसांना खबर द्यावी लागते आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावं लागतं. ते मालकाला तुमच्याशिवाय जमत नाही, म्हणून पोलिसांनंतरचा पहिला फोन ऑफिसला.

जुनी केस चालू असेल तर पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसते. ती ट्रिप लावणाऱ्या सुपरवायझरला महिनाभर आधी सांगून ठेवा. तारखेला गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं, आणि तेव्हा तुम्ही माल भरून हैदराबादच्या वाटेवर असता.