ड्राउटमास्टर : नावावर विसंबू नका, या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडच्या चराऊ रानांत गेल्या शतकात वशिंडाची ब्रह्मन आणि मुख्यतः ब्रिटिश शॉर्टहॉर्न यांच्या संकरातून ड्राउटमास्टर ही तांबडी, बहुधा बिनशिंगी, मांसासाठीची गुरांची जात घडली. ब्रह्मनमध्ये आपल्याकडच्या गीर, काँक्रेज, ओंगोलचं रक्त आहे आणि कृष्णाकाठच्या गाईचंही. म्हणून ऊन आणि गोचीड ती चांगलं सोसते. पण नावातच दुष्काळावर मात असल्यानं मालक निर्धास्त होतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात महाग पडते ती चाटणाची वेळ चुकणं. पावसाळा सरला की गवत वाळतं. पोट भरतं, पण प्रथिनं मिळत नाहीत. तेव्हा युरियाचं चाटण, म्हणजे गुरांनी चाटायचं पूरक खाद्य, हवं. स्फुरद (फॉस्फरस) मात्र हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत जास्त लागू पडतं, कारण जनावर वाढतं तेव्हाच. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात, कारण पावसात चिखलातून गाडी जात नाही! गुरं हाडं चघळू लागली तर स्फुरद कमी पडलंय असं समजा. कुजक्या सांगाड्यांतून बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा होते, तेव्हा त्याची लसही टोचून घ्या.

कोरड्या दिवसांत अवचित सर आली तर आधी चाटणाचे डबे बघा. साचलेल्या पाण्यात युरिया विरघळतो. गाय ते प्यायली की अंग थरथरतं, पोट फुगतं आणि ती डब्याजवळच मरून पडते. बुडाला भोकं आणि वर पत्रा, एवढ्यानं हे टळतं.

गोचीड नसलेल्या भागातून वळू आणून थेट कळपात सोडणं ही आणखी एक चूक. गोचीड तापाची लस त्याला दोन महिने आधी द्या. हा ताप बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा या जंतूंमुळे येतो. वशिंडी रक्तामुळे बबेसिया सौम्य जाईलही, ॲनाप्लाझ्मा जाणार नाही. वळूच्या पोटाखालचं कातडं फार लोंबत असेल तर तो घेऊच नका, काट्याकुट्यात जखमी होतो.

घरच्या घरी ब्रह्मन-शॉर्टहॉर्नचा पहिला संकर करून त्याला ड्राउटमास्टर म्हणणारेही आहेत. पहिली पिढी झकास निघते. तिचीच आपसात पैदास केली की कुणी ब्रह्मनवर जातं, कुणी शॉर्टहॉर्नवर, आणि संकराचा जोमही उतरतो.

गाय वेळेवर गाभण राहत नसेल तर वळूला दोष देण्याआधी तिच्या बरगड्या बघा. त्या दिसत असतील आणि सहा-सात महिन्यांचं वासरू अजून लुचत असेल, तर आधी वासराचं दूध तोडा.