टर्बो गाडीत ऑइल कॅच कॅन: बसवायचा कसा आणि तो काम करतोय हे ओळखायचं कसं

ऑइल कॅच कॅन म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वायूतलं तेल अडवणारा छोटा डबा. त्याच्या तळाशी साचलेलं काळपट तेल बाटलीत ओतून पाहिलं की खर्च वसूल झाल्यासारखा वाटतो. पण त्या बाटलीवरून एवढंच कळतं की कॅनने काहीतरी अडवलं. किती निसटलं आणि तेल अडवण्याच्या नादात इंजिनाचा श्वास कोंडला का, हे त्यात दिसत नाही. म्हणून इथे फिटिंगइतकीच जागा तपासणीला दिली आहे, आणि ती तपासणी कॅन बसवण्याच्या आधीच सुरू होते.

आधी वायूची वाट ओळखा

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाचा क्रँकशाफ्ट असलेला खालचा भाग) उतरतोच. हाच ब्लो-बाय. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब जास्त, त्यामुळे ब्लो-बायही जास्त. तो आत साठू दिला तर ऑइल सीलमधून तेल बाहेर यायला लागतं. उघड्यावर सोडला तर प्रदूषण होतं. म्हणून पीसीव्ही (क्रँककेसमधला वायू बाहेर काढणारी) यंत्रणा त्याला पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, नेऊन जाळते. त्याच्यासोबत तेलाचे अतिसूक्ष्म थेंब, पाण्याची वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोलही जातं.

टर्बो पेट्रोल इंजिनात या वायूला सहसा दोन वाटा असतात. गाडी आयडलवर किंवा संथ चालीत असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटून देणारा भाग) व्हॅक्यूम असतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून वायू ओढून घेतो. ॲक्सिलरेटर दाबला आणि बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब) आला की मॅनिफोल्डमध्ये दाब तयार होतो, पीसीव्ही व्हॉल्व्ह बंद होतो आणि वायू दुसऱ्या वाटेने, म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरवरच्या ब्रीदर नळीतून, टर्बोच्या तोंडाशी जातो. इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) सापडणारी तेलाची पातळ साय बहुतेक या दुसऱ्या वाटेने येते. इनटेक व्हॉल्व्हवरच्या काजळीत मात्र पहिल्या वाटेचाही मोठा वाटा असतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे ते व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत नाही आणि तिथला थर धुतला जात नाही. शिवाय तेलाची वाफ इंधनाची नॉक (सिलिंडरमध्ये इंधन ठोका देत अनियंत्रित पेटणं) सोसण्याची ताकद कमी करते, आणि जास्त बूस्टवर चालणाऱ्या इंजिनात ते जाणवू शकतं.

बॉनेट उघडून या दोन्ही नळ्या बोटाने शोधून काढा. आपल्या गाडीत त्या कुठून कुठे जातात याचं कच्चं चित्र काढल्याशिवाय कॅन विकत घेऊ नका. एका वाटेवर कॅन लावला आणि तेल दुसऱ्या वाटेने जात असलं, तर कॅन कोरडा राहील आणि तुम्ही खूश व्हाल.

खरंच गरज आहे का?

बऱ्याच नव्या इंजिनांत व्हॉल्व्ह कव्हरच्या आतच चांगला ऑइल सेपरेटर असतो. रोजच्या साध्या वापराच्या, ट्यून न केलेल्या अशा गाडीला वेगळा कॅन लावून फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही. बूस्ट वाढवलेली गाडी, ट्रॅकवर पळणारी गाडी किंवा डायरेक्ट इंजेक्शनचं जास्त किलोमीटर झालेलं इंजिन असेल तर विचार करण्यासारखं आहे.

कॅन दोन गोष्टी करणार नाही. व्हॉल्व्हवर आधीच बसलेली काजळी तो काढत नाही, आणि झिजलेल्या रिंगा किंवा टर्बोचं गळकं सील दुरुस्त करत नाही. व्हॉल्व्ह स्टेम सीलमधून उतरणारं तेल तर कॅनच्या वाटेवर येतच नाही, त्यामुळे उत्तम कॅन लावूनही व्हॉल्व्ह अगदी स्वच्छ राहतील असं समजू नका. तेल जास्त खाणाऱ्या गाडीची आधी कॉम्प्रेशन किंवा लीकडाउन टेस्ट (सिलिंडर दाब नीट धरतो का ही तपासणी) करा.

बसवण्याआधीची नोंद

बहुतेक जण हा भाग गाळतात आणि मग 'गाडी मऊ चालायला लागली' असली वाक्यं बोलतात. चार गोष्टी लिहून ठेवा.

इंटरकूलरची थंड बाजूची नळी सोडवून आत पांढरं कापड फिरवा आणि त्याचा फोटो काढा. मग नळी आतून पूर्ण पुसून टाका, म्हणजे पुढे जे दिसेल ते नवीन असेल. सपाट जागेवर, इंजिन तेवढंच गरम असताना डिपस्टिकवरची तेलाची पातळी आणि किलोमीटर नोंदवा. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आयडलला आणि स्थिर वेगात लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, बघा.

चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची: क्रँककेसमधला दाब. जुन्या ऑइल फिलर कॅपला भोक पाडून निप्पल बसवा आणि त्यातून छोट्या दाबांसाठीचा डिजिटल मॅनोमीटर (दाबमापक) जोडा. डिपस्टिकच्या नळीतून मोजणं सोपं वाटतं, पण काही इंजिनांत ती नळी तेलाच्या पातळीखाली संपते आणि आकडा फसवा येतो. उभ्या गाडीसाठी पाणी भरलेली पारदर्शक यू-नळीही चालते. पाण्याच्या दोन पातळ्यांतला १ सेंटीमीटर फरक म्हणजे जवळपास १ मिलिबार. नळी पुरेशी उंच ठेवा, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाईल. गरम इंजिनावर आयडलला बहुतेक गाड्यांत किंचित व्हॅक्यूम दिसतो. आयडलचा, २५०० आरपीएमचा आणि शक्य असल्यास सुरक्षित जागी पूर्ण लोडचा आकडा लिहून घ्या. लोडचं रीडिंग फक्त डिजिटल मॅनोमीटरने घ्यायचं आणि ते शेजारी बसलेल्या माणसाने वाचायचं.

कॅन निवडताना

बाहेरून चकचकीत ॲनोडाइझ केलेला आणि आतून रिकामा डबा हा कॅच कॅन नव्हे. वायू एका तोंडातून आत शिरून सरळ दुसऱ्यातून निघून गेला तर फक्त मोठे थेंब पडतात. त्रास देणारे बरेचसे थेंब १ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात आणि ते वायूसोबत सहज वळण घेतात. आत बॅफल (वायूला वळणं घ्यायला लावणारे पडदे) हवेत, आणि थेंब एकमेकांना चिकटून जड होतील अशी स्टेनलेस जाळी किंवा तत्सम माध्यम हवं. भांडी घासायची तारेची घासणी आत कोंबायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. ती गंजते, तिचे तुकडे सुटतात आणि कॅनच्या पुढे टर्बोचं कंप्रेसर व्हील असतं.

कॅनची तोंडं मूळ नळीच्या आतल्या व्यासापेक्षा लहान नसावीत. मूळ नळी १९ मिलिमीटरची आणि कॅनचं तोंड १० मिलिमीटरचं असेल, तर बूस्टमध्ये इंजिनाच्या गळ्याला फास बसलाच म्हणून समजा. खाली ड्रेन व्हॉल्व्ह आणि पातळी बघायची सोय असावी.

वर छोटा फिल्टर लावलेला, वायू उघड्यावर सोडणारा कॅन रस्त्यावरच्या गाडीला लावू नका. वास केबिनमध्ये येतो आणि अनेक ठिकाणी ते नियमात बसत नाही. शिवाय मॅनिफोल्डकडची नळी चालूच ठेवली तर त्या फिल्टरमधून एअर फ्लो सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते. हा लेख बंद कॅनबद्दल आहे, म्हणजे वायू कॅनमधून परत इनटेकमध्ये जातो तो प्रकार.

नळीसाठी तेल आणि पेट्रोल दोन्ही सोसणारं रबर लागतं, नायट्राइल किंवा त्याहून चांगलं. कूलंटचा होज बरोबर मापाचा मिळाला तरी घेऊ नका. त्याचं रबर तेलात फुगतं आणि मऊ पडतं. व्हॅक्यूममध्ये चपटी होणारी नळीही नको.

फिटिंग

नवा कॅन उघडून आतून धुवा, मशीनिंगचा बारीक कीस त्यात राहिलेला असतो. पूर्ण वाळवा. कोरड्या कॅनचं वजन काट्यावर करून लिहून ठेवा.

इंजिन थंड होऊ द्या. कॅनसाठी टर्बो आणि एक्झॉस्टपासून दूर, हवा लागणारी जागा शोधा, कारण कॅन जितका थंड तितकी वाफ चांगली निवून तिचे थेंब होतात. ब्रॅकेट बॉडीला घट्ट बसवा. इंजिन झटक्यासरशी हलतं, म्हणून नळ्यांना थोडी ढील ठेवा, पण ती बेल्ट किंवा पंख्यापर्यंत पोचणार नाही एवढीच. नळीचा उतार कॅनकडे किंवा इंजिनाकडे सलग असावा. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचतं, आणि कडक थंडीत ते गोठून वाट बंद होते.

आता जोडणी. बूस्टच्या वाटेसाठी व्हॉल्व्ह कव्हरच्या ब्रीदरपासून कॅनच्या 'आत' तोंडाला आणि 'बाहेर' तोंडापासून टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपला. तोंडं उलटी लागली तर बॅफलचा उपयोग जातो, त्यामुळे खूण नसेल तर झाकण काढून आतली रचना बघूनच ठरवा.

मॅनिफोल्डच्या वाटेवर दुसरा कॅन लावायचा असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. पीसीव्ही व्हॉल्व्ह इंजिनाच्या बाजूला आणि कॅन त्याच्या पुढे मॅनिफोल्डच्या बाजूला असेल, तर बूस्ट आल्यावर तो दाब उलटा कॅनमध्ये शिरतो. प्लास्टिकची दर्शक नळी किंवा ढिला ओ-रिंग असलेला कॅन तिथे फिसकटतो आणि बूस्ट गळतो. यावर उपाय म्हणजे कॅन आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बूस्ट आणि तेल सोसणारा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारा). मूळ पीसीव्ही व्हॉल्व्ह मात्र कोणत्याही परिस्थितीत काढायचा नाही, कारण आयडलला किती वायू ओढायचा हे तोच ठरवतो.

थ्रेडला तेल सोसणारं सीलंट लावा. टेफ्लॉन टेप वापरलीच तर पहिले एक-दोन आटे मोकळे सोडा, म्हणजे तिचे धागे आत जाणार नाहीत. क्लॅम्प रबर कापलं जाईपर्यंत आवळू नका.

गाडी सुरू करा. आयडल वरखाली होत असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा फ्युएल ट्रिम आधीपेक्षा बरीच वर गेली असेल तर कुठेतरी हवा ओढली जात आहे. पी०१७१ हा लीन (हवा जास्त, इंधन कमी) मिश्रणाचा कोड आला तर पहिला संशय आपणच जोडलेल्या नळ्यांवर घ्यायचा. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून बघणं) केली की गळती लगेच सापडते.

आता खरी परीक्षा

पहिल्यांदा क्रँककेसचा दाब पुन्हा मोजा, त्याच परिस्थितीत. लोडखाली दाब आधीपेक्षा ठळकपणे वाढला असेल तर कॅन किंवा नळ्या वाट अडवत आहेत. असा कॅन कितीही तेल पकडत असला तरी काढून टाका. क्रँकशाफ्टचं मागचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

पहिली ५०० किलोमीटर झाल्यावर कॅन उघडून बघा, मग साधारण दर १००० किलोमीटरला. भरून वाहेपर्यंत वाट पाहू नका. साचलेलं तेल एकदम इनटेकमध्ये ओढलं गेलं तर निळा धूर आणि नॉक होतो. डिझेल इंजिनात तर ते तेलच इंधन बनून इंजिन किल्ली बंद केल्यावरही पळत राहू शकतं.

कॅनचं पुन्हा वजन करा. त्यातून कोरड्या कॅनचं वजन वजा केलं की एकूण पकड कळते, पण ते सगळं तेल नसतं. थंडीत आणि छोट्या फेऱ्यांत निम्म्याहून जास्त पाणीही असू शकतं. ते ताकासारखं पांढरट दिसतं आणि हेड गॅस्केट गेल्याची शंका येते. कूलंट कमी होत नसेल आणि इंजिनातलं तेल स्वच्छ असेल तर ते फक्त पाणी आहे. पारदर्शक मोजपात्रात ओतून एक-दोन दिवस स्थिर ठेवा, पाणी खाली बसतं आणि तेल वर येतं. लवकर होईल म्हणून तापवू नका, त्यात पेट्रोल आहे.

किती निसटलं हे बघायचं असेल तर त्याच वाटेवर, पहिल्याच्या पुढे, तसाच दुसरा कॅन काही दिवस लावा. समजा पहिल्यात ४० मिलिलिटर तेल निघालं आणि दुसऱ्यात १०. सरळ हिशोब म्हणतो ५० पैकी ४०, म्हणजे ८० टक्के. पण दुसराही सगळं पकडत नाही. दोघांची क्षमता सारखी धरली तर आकडा ७५ टक्क्यांवर येतो. पहिल्यातून निसटलेले थेंब जास्त बारीक असल्यामुळे दुसऱ्याला ते पकडणं अवघड जातं. त्यामुळे खरी क्षमता ७५ टक्क्यांहूनही कमीच असणार. दोन कॅनमुळे अडथळा वाढतो, म्हणून या काळातही दाबावर लक्ष ठेवा.

एवढी खटपट नको असेल तर इंटरकूलरच्या त्या पुसलेल्या नळीकडे चला. काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा पांढरं कापड फिरवा. कापड जवळपास कोरडं निघालं तर कॅन कामाचा. कॅनमध्ये भरपूर तेल आणि कापडही ओलं असेल तर एकतर कॅन कुचकामी आहे किंवा तेल टर्बोच्या सीलमधून येत आहे. कंप्रेसरच्या आधीचा पाइप कोरडा आणि नंतरचा ओला असेल तर संशय टर्बोवरच जातो. कॅन दर आठवड्याला भरत असेल तर रिंगांची तपासणी करून घ्या.

काढलेलं मिश्रण परत इंजिनात ओतायचं नाही, जमिनीवर किंवा गटारातही नाही. जुन्या इंजिन ऑइलसोबत गॅरेजमध्ये द्या. मूळ नळ्या आणि क्लिपा चिठ्ठी लावून पिशवीत जपून ठेवा. वॉरंटीच्या कामाला किंवा प्रदूषण तपासणीला गाडी मूळ स्थितीत आणावी लागू शकते, आणि कापड ओलंच निघत राहिलं तर कॅन काढून त्याच नळ्या परत बसवायच्या आहेत.