तीन मोडची टॉर्च एका मोडवर आणताय? या चुका टाळा

हल्लीच्या बहुतेक एलईडी टॉर्चना किमान तीन मोड असतात: पूर्ण, अर्धा आणि लुकलुकणारा. रात्रीच्या विजेवर दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला किंवा रात्री उठणाऱ्या आजीला यातला एकच लागतो. ओल्या, चिखलाच्या हाताने बटण अर्धवट दाबलं गेलं की टॉर्च लुकलुकायला लागते आणि बांधावर पुढचं पाऊल कुठे टाकायचं तेच दिसत नाही. दाबलं की लागली, परत दाबलं की विझली, एवढा बदल डाग देता (सोल्डरिंग करता) येणाऱ्या कोणालाही जमतो. अडचण अशी होते की मोड काढायच्या नादात टॉर्चचं संरक्षणही निघून जातं. मोड काढा, संरक्षण ठेवा. खालच्या बहुतेक चुका ही एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

उघडण्याआधी चुड्या (झाकणाचे आटे) पुसा

मागे बटण असलेल्या टॉर्चमध्ये मोड बदलायला वेगळी तार नसते. बटण अर्धं दाबलं की क्षणभर पुरवठा तुटतो, आतली चिप ते ओळखते आणि पुढच्या मोडवर जाते. चुडीत मळ असेल, स्प्रिंग गंजली असेल किंवा मागचं झाकण सैल असेल, तर हिसका बसल्यावरही पुरवठा असाच तुटतो. मग टॉर्च “आपोआप” मोड बदलते आणि लोक चिपला दोष देतात. अॅल्युमिनियमच्या टॉर्चचं अंगच सेलची ऋण बाजू वाहून नेतं. त्यामुळे चुड्या आणि नळीची उघडी कड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, झाकण घट्ट करा. पुष्कळदा तक्रार इथेच मिटते. हे न करता सर्किट बदललंत तर आधी मोड बदलणारी टॉर्च आता हिसक्यासरशी मिचकेल, एवढाच फरक पडेल.

सेल सरळ एलईडीला जोडू नका

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा करंट आवरणारा आतला छोटा बोर्ड, काढला, दोन तारा सरळ जोडल्या, टॉर्च झगझगीत लागली, काम झालं असं वाटतं. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ ते ३.४ व्होल्ट लागतात आणि पूर्ण चार्ज झालेला १८६५० नंबरचा लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो. एलईडीत व्होल्टेज थोडं वाढलं की करंट एकदम चढतो. पेन्सिल सेलच्या स्वस्त टॉर्चमध्ये सरळ जोडणी चालून जाते, कारण त्या सेलचा अंतर्गत रोधच करंटला आवर घालतो. त्याच टॉर्चमध्ये लिथियम सेल घातला की तो आवर राहत नाही.

रेझिस्टर लावायचा असेल तर हिशोब सोपा आहे. ४.२ मधून ३.२ वजा केले की उरतो १ व्होल्ट, ३.३ ओहमचा रेझिस्टर लावला तर करंट सुमारे ३०० मिलिअँपिअर. रेझिस्टरमध्ये साधारण ०.३ वॅट उष्णता होते, म्हणून पाव वॅटचा नको, १ वॅटचा घ्या. फक्त सेल उतरेल तसा उजेडही उतरत जातो आणि पहाटेपर्यंत चांगलाच मंद होतो.

म्हणून ड्रायव्हरवर ७१३५ नंबरच्या तीन पायांच्या आयसी असतील तर त्या जपा. अशी एक आयसी ३५० मिलिअँपिअर स्थिर ठेवते. चार असतील तर १.४ अँपिअर. मोड घडवणारी चिप या आयसींच्या पहिल्या पायाला, म्हणजे व्हीडीडीला (पुरवठ्याच्या पायाला), चालू-बंद सिग्नल देते. हा पाय चिपपासून तोडून सेलच्या धन बाजूला जोडला की झाली एका मोडची टॉर्च, करंटचा लगाम शाबूत ठेवून.

घाई होते ती इथेच. ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) न तोडता नुसती वरून तार टाकली तर चिपचा आउटपुट पाय शून्यावर येताच सेलची धन बाजू त्याच्यातून शॉर्ट होते आणि चिप तापून जाते. आधी ब्लेडने ट्रॅक कापा, कापलेल्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटरवर बीप येत नाही याची खात्री करा, मगच तार जोडा. त्याही आधी बोर्डावर सोल्डरने जोडता येण्यासारखी चांदणीची खूण आहे का ते पाहा. काही ड्रायव्हरवर ती कडेच्या ऋण रिंगला जोडली की मोडचा संच बदलतो. तेवढ्याने भागत असेल तर काहीच कापायला नको.

उजेड किती ठेवायचा

एकच मोड ठेवायचा म्हणून लोक पूर्ण उजेड निवडतात. माझ्या मते ते चूक आहे. आधी जी टॉर्च बराच वेळ अर्ध्यावर चालायची ती आता सतत पूर्ण ताकदीवर चालणार, अंग तापणार, सेल लवकर बसणार. चारपैकी दोन ७१३५ काढून टाका, ७०० मिलिअँपिअर राहतात. २५०० एमएएचच्या चांगल्या सेलवर साधारण साडेतीन तास मिळतात आणि बांधावर चालायला एवढा उजेड भरपूर होतो. उघडलंच आहे तर एलईडीच्या चकतीखालची वाळलेली थर्मल पेस्टही (उष्णता वाहून नेणारी) बदला.

काही ड्रायव्हरमध्ये सेल उतरल्यावर उजेड कमी करण्याचं कामही ती चिपच करते. चिपला बाजूला केलं की ते संपलं, आणि सेल अगदी तळापर्यंत ओढला जातो. लिथियम सेल फार खाली गेला की निकामी होतो. तसा सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं. तेव्हा एक मोड केलेल्या टॉर्चमध्ये संरक्षण सर्किट असलेला सेलच घाला. आत टीपी४०५६ चं संरक्षणासहित चार्जिंग बोर्ड असेल तर एलईडीच्या तारा ‘आउट’ खुणेच्या टोकांना लावा. ‘बी’ खुणेच्या टोकांना लावल्या तर संरक्षण वगळलं जातं.

बाजूला बटण असलेल्या टॉर्चचं वेगळं आहे. ते छोटं टॅक्ट बटण दाबेपर्यंतच जोडलेलं राहतं आणि अनेकदा ५० मिलिअँपिअरच्या आसपासच सोसतं. त्यातून एलईडीचा करंट नेला तर ते जळतं. तिथे दाबल्यावर अडकून राहणारं आणि करंट पेलणारं बटणच लागतं.

थेट भिंतीत लावायची टॉर्च

गावाकडे ही घरोघरी असते: प्लास्टिकचं अंग, दोन पिनांचा प्लग, आत ४ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी. यातल्या बहुतेकांत ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर, चार डायोड, बस्स. १०५जे लिहिलेला कपॅसिटर म्हणजे १ मायक्रोफॅरड. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर त्यातून सुमारे ७२ मिलिअँपिअर जाऊ शकतात. माणसाचा जीव जायला एवढा करंट पुरेसा आहे. प्लग लावलेला असताना बॅटरीच्या टोकांसकट आतलं सगळं मेनशी जोडलेलं असतं. म्हणून सोय म्हणून या टॉर्चला धातूचं बटण बसवू नका, अंगाला उघडा स्क्रू ठेवू नका आणि चार्जिंगला लावून काहीही तपासू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असू शकतो. १०० किलोओहमचा रेझिस्टर, इन्सुलेशन असलेल्या पकडीने धरून, त्याच्या दोन टोकांवर काही सेकंद टेकवा. बॅटरी काढून प्लग लावायचा नाही, कारण व्होल्टेज दाबून धरणारी बॅटरीच असते. ती नसताना स्विच चालू राहिला तर एलईडी उडतात.

परत जुळवल्यावर बिघाड

टेबलावर उघडी असताना लागते, परत जुळवली की वागणं बदलतं, असं झालं तर रिफ्लेक्टर पाहा. धातूचा रिफ्लेक्टर एलईडीच्या डागांना टेकू नये म्हणून मध्ये प्लास्टिकची चकती असते. ती हरवली किंवा डाग उंच झाला की गडबड होते. ७१३५च्या ड्रायव्हरमध्ये एलईडीची ऋण तार अंगाला टेकली तर ड्रायव्हरच वगळला जातो आणि टॉर्च आधीपेक्षा प्रखर लागते. त्यावर खूश होऊ नका, लगेच बंद करा. धन तार टेकली तर सेलच शॉर्ट होतो. उजेड येत नाही आणि टॉर्च तापते. सेल घालण्याआधी मीटरचं एक टोक रिफ्लेक्टरला आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही डागांना लावून बीप येत नाही ना, ते बघा.

करंट मोजल्यावर मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घाला. तशीच ठेवून सेलचं व्होल्टेज बघायला गेलात तर सेल मीटरमधून शॉर्ट होतो. आणि सेलला कधीही थेट डाग देऊ नका; पट्टी जोडलेला सेल विकत मिळतो, तो घ्या.