जुन्या दगडी धरणाचं मजबुतीकरण: गळती थांबली म्हणून हुरळून जाऊ नका

स्थैर्याचं गणित तुम्हाला येतं असं धरतो. भलेभले अडकतात ते अपलिफ्टपाशी, म्हणजे पायाखाली शिरलेलं पाणी धरणाला वर उचलतं त्या दाबापाशी. 1895 मध्ये फ्रान्समधलं बूझे धरण फुटेपर्यंत बहुतेक दगडी धरणांच्या हिशेबात हा दाब धरलाच जात नसे. म्हणून जुन्या फायलीतल्या ‘सुरक्षित’ शेऱ्यावर विसंबू नका.

उदाहरण घ्या. पाणी 30 मीटर, पाया 22 मीटर रुंद, त्रिकोणी छेद, दगडीकामाचं वजन घनमीटरला 2.3 टन. धरणाच्या दर मीटर लांबीला वजन 759 टन आणि पाण्याचा आडवा रेटा 450 टन. अपलिफ्ट शून्य धरलं तर रेटा भागिले वजन 0.59; हे गुणोत्तर जितकं मोठं, तितका धरण घसरण्याचा धोका जास्त. निचरा पूर्ण तुंबला की अपलिफ्ट 330 टन, उरलेलं वजन 429 आणि गुणोत्तर थेट 1.05! जलाशयाकडून 3 मीटर आत निचऱ्याची छिद्रं चालू असली आणि तिथला दाब एक तृतीयांशावर आला, तर अपलिफ्ट 155 टन आणि गुणोत्तर 0.75. धरण तगतं ते या छिद्रांवर.

आणि तीच आपण बुजवतो. गळती दिसली की धरणाच्या अंगात ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) दाबाने भरतात, ते छिद्रांतही शिरतं. व्ही-नॉचवरचा, म्हणजे गळती मोजायच्या खाचेवरचा प्रवाह घटतो, सगळे खूश होतात, पण पिझोमीटर (आतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या) चढायला लागतात. गळती कमी आणि पिझोमीटर वर, हे लक्षण वाईट. आधी ग्राउटिंग, मगच छिद्रं नव्याने पाडायची: साधारण 75 मिमी व्यासाची, 3 मीटर अंतराने. चुन्यातल्या बांधकामात ग्राउटचा दाब वाढवून काम उरकू नका, सांधे उघडतात. मागच्या तोंडावर गुनाइट (फवाऱ्याने मारायचा सिमेंट-वाळूचा थर) मारून ओल झाकणं मला अजिबात मान्य नाही. पाणी अडवायचं ते जलाशयाच्या बाजूला.

मागून काँक्रीटचा टेकू द्यायचा तर जलाशय शक्य तितका खाली असताना द्या. आधीचा भार जुनं धरणच पेलत राहतं, नवं काँक्रीट फक्त पुढच्या वाढीव भारात वाटा उचलतं. जुना पृष्ठभाग खरवडा, गज रोवा, दोघांच्या मध्ये निचरा ठेवा. काँक्रीट फार तापू देऊ नका, थंड होताना आकसून ते जुन्या अंगापासून सुटतं. केबल अँकर (धरणातून खालच्या खडकात रोवून ताणलेल्या पोलादी तारा) घेतलेत तर गंजरोधक आवरण आणि ताण पुन्हा मोजायची सोय, दोन्ही हवंच.

सुरुवातीला हे सगळं अंगावर येतं, पण जमतं. सॉफ्टवेअर नंतर शिका. आधी गॅलरीत (धरणाच्या आतल्या बोगद्यात) रोज नोंदी घेणाऱ्या माणसाबरोबर फिरा आणि जलाशयाची पातळी व पिझोमीटर यांचा आलेख स्वतःच्या हाताने काढा.