जुन्या आउटबोर्ड मोटरचा फ्युएल पंप नव्याने बांधताना

जुनी दोन-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायची मोटर) सुरू होते, आयडलवर ठीक चालते आणि थ्रॉटल उघडून मिनिटभर पळवली की मान टाकते. अशा वेळी पहिला संशय फ्युएल पंपावर जातो आणि बरेचदा तो खराही असतो. पण नुसता डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा) बदलून काम होतंच असं नाही. किट (पंपाच्या सुट्या भागांचा संच) नवीन, तक्रार मात्र जुनीच, असं झालं की दोष बहुधा डायफ्रामच्या आजूबाजूला असतो: न बसणारा व्हॉल्व्ह, वाकलेली बॉडी, नाहीतर पंपाच्या आधीच कुठेतरी आत ओढली जाणारी हवा.

या पंपाला ना कॅम लागतो, ना वीज. पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद कप्प्यात) निर्वात तयार होतो, खाली आला की दाब. हा स्पंद एका भोकातून किंवा नळीतून डायफ्रामच्या एका बाजूला पोचतो. डायफ्राम स्पंदाकडे ओढला गेला की इनलेट व्हॉल्व्ह उघडून पेट्रोल आत येतं, उलट ढकलला गेला की आउटलेट व्हॉल्व्हमधून कार्ब्युरेटरकडे जातं. 5000 आरपीएमला ही ये-जा सेकंदाला 80 हून जास्त वेळा होते. व्हॉल्व्ह थोडा जरी उशिरा बसला तरी पेट्रोल मागे सरकतं, म्हणूनच मोटर आयडलवर शहाण्यासारखी वागते आणि जोर लागला की मरते.

(मोटरला जाणारा पाईप दुपदरी असेल, म्हणजे टाकीत हवा आणि टाकीतून पेट्रोल, तर त्या मोटरला पंप नसतोच. टाकीतल्या दाबावर ती चालते. तिथे पंप शोधत बसू नका.)

आधी गुन्हेगार पक्का करा

मोटर पाण्यात, लोडवर असताना दगा देऊ लागली की कुणाला तरी प्रायमर बल्ब (पेट्रोल पाईपमधला हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबायला सांगा. दाबताच मोटर सावरली तर पंप कमी पडतोय, किंवा पंपाआधी हवा शिरतेय. बल्ब स्वतःच चपटा होऊन आत ओढला जात असेल तर अडथळा बल्बच्या मागे आहे: टाकीचं व्हेंट (हवा आत येण्याचं भोक) बंद, नाहीतर पिकअपची (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीची) जाळी तुंबलेली. बल्ब दगडासारखा घट्ट आणि तरी मोटर मरते, तर अडथळा पुढे आहे.

हवेचा दोष ओळखायला पंपाच्या इनलेटआधी हातभर पारदर्शक पेट्रोल नळी जोडा. चालू मोटरमध्ये बुडबुडे दिसले तर पंप उघडण्याआधी क्लिपा, कनेक्टरचे ओ-रिंग आणि टाकीचा पाईप बघा. ही बाजू ओढणारी असल्यामुळे मोटर चालू असताना गळती ओली दिसत नाही. मोटर बंद करून बल्ब जोरात दाबला की मात्र तिथेच थेंब येतो. दुसरी, चांगली चालणारी टाकी-पाईप लावून बघणं हा सगळ्यात झटपट उपाय.

पंपाला स्पंद देणारं सिलिंडर कोणतं तेही पाहून ठेवा. डायफ्राम फाटला असेल तर पेट्रोल थेट त्या क्रँककेसमध्ये जातं, त्या सिलिंडरचा स्पार्क प्लग ओला-काळा निघतो आणि धूर वाढतो. उलट त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं असेल तर स्पंदच कमजोर पडतो, मग कितीही चांगला पंप लावा, पेट्रोल येणार नाही. छोट्या चार-स्ट्रोक मोटरींत पंप बहुधा कॅमवर चालतो. तिथे फाटलेल्या डायफ्राममुळे पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी वाढते.

उघडताना

मोटर मोकळ्या हवेत घ्या, बॅटरी सोडा, पेट्रोल पाईप काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळात साचून राहते, त्यामुळे हे काम होडीत बसून करू नका. किट मोटरच्या प्लेटवरच्या मॉडेल आणि सीरियल नंबरवरून मागवा. बाहेरून जुळे दिसणारे दोन पंप आतून वेगळे असतात. काही मॉडेलचा पंप उघडण्यासाठी बनवलेलाच नसतो, तो सबंधच बदलावा लागतो.

कडक झालेल्या नळ्या ओढू नका. उभी चीर देऊन सोला, नाहीतर प्लास्टिकचं निप्पल मोडून हातात येतं. पंप काढण्याआधी बाजूच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत मार्करने एक तिरकी रेघ मारा, म्हणजे थर उलटे बसणार नाहीत. मर्क्युरी कंपनीच्या चौकोनी पंपांत प्रत्येक भागाच्या कडेला व्ही आकाराची खूण असते, सगळ्या खुणा एका रांगेत यायला हव्यात. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात. पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवा. प्रत्येक थर उचलताना फोटो घ्या: पॅकिंग डायफ्रामच्या कोणत्या बाजूला होतं, स्प्रिंग आणि तिची टोपी कुठे होती.

जुना डायफ्राम उजेडासमोर धरून ताणा. सुईच्या टोकाएवढं भोकही पुरे असतं. भोक नसलं तरी कडक झालेला, कायमचा फुगीर राहिलेला डायफ्राम निकामीच. अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर कडक होतं.

खरी मेहनत: व्हॉल्व्ह आणि सपाटी

धातूची बॉडी कार्ब क्लीनरने धुवा. रबर आणि प्लास्टिकवर तो मारू नका, ते फुगतं. त्यांना साधं पेट्रोल आणि मऊ ब्रश पुरे. व्हॉल्व्हच्या बैठकीवर तपकिरी वार्निशचा (सुकलेल्या पेट्रोलचा) थर असतो, तो लाकडी काडीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हर लावला की ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे कायमची गळती.

चपट्या पातीचा व्हॉल्व्ह असेल तर भिंगातून कड बघा. पाती पूर्ण टेकलेली हवी. एखादा कोपरा वळलेला असेल किंवा खाली कापसाचा धागा अडकला असेल तर तो पंप ओढणार नाही. म्हणूनच पुसायला लोंबत्या धाग्यांचं फडकं वापरू नका. गोल चकतीच्या व्हॉल्व्हमध्ये क्रम महत्त्वाचा: रबरी चकती बैठकीकडे, तिच्यावर प्लास्टिकची चकती, आणि दोन्हींतून जाऊन त्यांना धरून ठेवणारा रिटेनर. मर्क्युरीच्या किटमध्ये रिटेनर बसवल्यावर त्याची वर आलेली दांडी आडवी वाकवून मोडायची, आणि तीच दांडी रिटेनरच्या टोपीतल्या भोकात घालून छोट्या हातोडीने हलकेच ठोकत टोपीच्या पातळीला आणायची. ती आत गेली की रिटेनर फाकतो आणि व्हॉल्व्ह पक्का होतो. मोडलेली दांडी कचरा समजून फेकून देणारे बरेच असतात.

आता सपाटी. कोपऱ्यांचे स्क्रू वर्षानुवर्षं जास्त आवळल्याने बॉडीचे कोपरे दबतात आणि दोन स्क्रूंच्या मध्ये फट पडते. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर मार्करने जाळी काढा, जाड काचेवर 400 नंबरचा वॉटरपेपर ठेवून त्यावर इंग्रजी आठच्या आकारात, अगदी हलक्या हाताने घासा. सगळीकडची शाई गेली की थांबा. नंतर भरपूर धुवा, घासलेली पूड व्हॉल्व्हमध्ये राहिली तर सगळं फुकट. प्लास्टिकची बॉडी वाकली असेल तर घासू नका, बदला.

पॅकिंगला सिलिकॉन लावायचा मोह टाळा. पेट्रोलमध्ये तो मऊ पडतो, सुटतो आणि थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. पॅकिंग कोरडंच बसवा.

जोडणी आणि तपासणी

थर फोटोप्रमाणे लावा. डायफ्रामची भोकं स्क्रूच्या भोकांशी न ओढता जुळली पाहिजेत. ताणून बसवलेला डायफ्राम पुरेसा हलत नाही. स्क्रू आधी सगळे हाताने टेकवा, मग समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळा. इथे ताकद दाखवली की आटे जातात, नाहीतर कोपरे पुन्हा दबतात.

बसवण्याआधी हाताने चालणाऱ्या व्हॅक्यूम-प्रेशर पंपाने तपासा. इनलेटमधून हलका दाब दिला तर हवा आउटलेटमधून निघायला हवी. इनलेटवर व्हॅक्यूम दिला तर तो टिकायला हवा. आउटलेटवर उलट: दाब टिकायला हवा. शेवटी स्पंदाच्या भोकाला 3-4 पीएसआय (दाबाचं एकक) दाब द्या, काटा हळूहळू उतरला तर डायफ्राम किंवा त्याची कड गळतेय. कॉम्प्रेसरची हवा लावू नका, नवा डायफ्राम तिथल्या तिथे फाटेल.

ब्लॉकवर नवं पॅकिंग लावताना त्यातलं भोक स्पंदाच्या भोकावर आलंय ना, ते बघा. पॅकिंग उलटं बसलं की मार्गच बंद होतो आणि ठीकठाक पंप मेल्यासारखा वागतो. नळ्या नव्या, पेट्रोलसाठीच्याच. पंपाआधीचा फिल्टर उलटा लावू नका, बाण मोटरकडे.

बल्ब घट्ट होईपर्यंत दाबा आणि पाच मिनिटं सगळे जोड कोरडे आहेत का ते पाहा. मगच मोटर पाण्यात किंवा पाण्याच्या टाकीत चालवा. कोरडी चालवली तर वॉटर पंपाचा इम्पेलर जातो. गेज असेल तर पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून दाब बघा. अनेक जुन्या पंपांना आयडलला 1 पीएसआय आणि 4500 आरपीएमला 2.5 पीएसआयच्या आसपास दाब लागतो, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. खरी परीक्षा मात्र लोडवर, पूर्ण थ्रॉटलला काही मिनिटं. तिथून परतल्यावर मोटर गार होऊ द्या, स्क्रू एकदा तपासा आणि स्पंद देणाऱ्या सिलिंडरचा प्लग काढून बाकीच्यांशी ताडून बघा. रंग सारखा असेल तर कव्हर बसवायला हरकत नाही.