पासवर्ड तोच, चावी वेगळी

“काऊन वं पोरी, फाइल नाही उघडून रायली? पासवर्ड तं तोच टाकला ना मी!”

ऐन कापसाच्या हंगामात एका संध्याकाळी काकाजींचा फोन आला. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात एक शेतकरी गट आहे आणि काकाजी त्याचे सचिव. कोणाचा किती क्विंटल कापूस गेला, कोणी किती उचल घेतली, कोणाचा बँक खातेक्रमांक काय, हे सगळं आधी एका वहीत असायचं. बी.एस्सी. करून नोकरीला लागल्यावर मी गटासाठी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून दिला. हिशेबाची फाइल कुलूपबंद, आणि कुलपाचा पासवर्ड काकाजींनी स्वतः ठरवलेला: ‘वऱ्हाडातली पांढरी पऱ्हाटी’. (तो आता बदलला आहे, म्हणूनच इथे लिहितेय.) त्या आठवड्यात गटानं नवा लॅपटॉप घेतला आणि त्यावर फाइल उघडेना.

डेटा कुलूपबंद करण्याच्या, म्हणजे एन्क्रिप्शनच्या, क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हाच प्रसंग सांगते. पासवर्ड आणि चावी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या संध्याकाळी खऱ्या अर्थानं कळलं. परीक्षेत त्यावर मार्क मिळवून दोन वर्षं झाली होती.

माणूस पासवर्ड लक्षात ठेवतो. तो लहान-मोठा असतो, ओळखीच्या शब्दांचा असतो. कुलूप लावणाऱ्या अल्गोरिदमला मात्र ठरावीक मापाची चावी लागते. मी वापरते त्या फर्नेट नावाच्या तयार कुलूपपद्धतीला बरोबर 32 बाइट लागतात: 16 फाइलमध्ये फेरफार झालाय का हे पकडणाऱ्या सहीसाठी, 16 प्रत्यक्ष कुलूप लावणाऱ्या एईएस-128 अल्गोरिदमसाठी. जिनिंगमध्ये गाडीभर कापूस येवो की पोतंभर, प्रेसमधून गाठ निघते ती 170 किलोचीच. चावी तयार करणारं फंक्शन त्या प्रेससारखं आहे. फरक एवढाच, की गाठ सोडून कापूस परत मिळतो. चावीवरून पासवर्ड परत मिळता कामा नये.

पायथनसोबतच येणाऱ्या हॅशलिब या लायब्ररीत पासवर्डवरून चावी काढणारं पीबीकेडीएफ2 हे फंक्शन तयार मिळतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. गावात नेट धड नसताना मी त्यावरच शिकले. त्याला पाच गोष्टी द्यायच्या: हॅशचं (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या गणिताचं) नाव, पासवर्डचे बाइट, सॉल्ट, फेऱ्यांची संख्या आणि चावीची लांबी. यातली एक जरी बदलली तरी वेगळीच चावी निघते, आणि फंक्शन मात्र कुरकुर करत नाही. चुकीची चावीसुद्धा तितक्याच शांतपणे हातात देतं.

प्रोग्राम लिहिताना माझी पहिली चूक सॉल्टची होती. सॉल्ट म्हणजे पासवर्डसोबत मिसळायचे यादृच्छिक बाइट. दोघांचा पासवर्ड एकच निघाला तरी चाव्या वेगळ्या व्हाव्यात, आणि कोणाला आधीच तयार केलेल्या यादीवरून पासवर्ड शोधता येऊ नये, म्हणून ते लागतात. मी 16 बाइट ताजे काढत होते, हे बरोबरच होतं. पण फाइल उघडतानाही पुन्हा ताजेच काढत होते! कुलूप लावताना वापरलेलं सॉल्ट फाइलसोबत साठवायचं असतं आणि उघडताना तेच वाचायचं असतं. ते गुप्त नसतं. मी ते लपवायच्या नादात हरवून बसले होते आणि त्यात अख्खा रविवार गेला.

फेऱ्यांबद्दल थोडं. फेरी म्हणजे हॅशचं तेच गणित पुन्हा एकदा करणं. चोराला प्रत्येक अंदाजामागे वेळ मोजायला लावणं एवढाच त्यांचा हेतू. 2000 साली पीबीकेडीएफ2 चा दस्तऐवज आला, तेव्हा किमान 1000 फेऱ्या सुचवल्या होत्या. आज एसएचए-256 या हॅशसोबत ओवॅस्प ही सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणारी संस्था 6 लाख सांगते. जुन्या धड्यांमधला आकडा डोळे झाकून उचलू नका. एसक्रिप्ट (2009) आणि 2015 ची पासवर्ड-हॅशिंग स्पर्धा जिंकलेलं आर्गॉन2 ही याच कामाची दोन्ही फंक्शनं वेळेसोबत मेमरीही खातात, म्हणून जमेल तिथे तीच घ्यावीत असं माझं मत आहे. एसक्रिप्ट हॅशलिबमध्ये आहे, पण मोठे आकडे दिले की मेमरीची मर्यादा ओलांडल्याची एरर येते. मॅक्समेम हा मर्यादेचा आकडा वाढवून द्यावा लागतो.

आता काकाजींच्या फाइलकडे. स्क्रीनवर फक्त ‘इनव्हॅलिड टोकन’ येत होतं. पासवर्ड चुकला की फाइल बिघडली, हे फर्नेट सांगत नाही. सॉल्ट तेच, फेऱ्या त्याच. उरला पासवर्ड, आणि काकाजी शपथेवर सांगत होते की तोच टाकला. मी त्यांना चार ओळींचा प्रोग्राम पाठवला. पासवर्ड टाकला की तो यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) किती बाइटचा होतो, एवढाच आकडा तो दाखवायचा. पासवर्ड फोनवर वाचून दाखवायला लावू नये, म्हणून हा उपद्व्याप.

“सत्त्याहत्तर दाखवते,” काकाजी म्हणाले.

माझ्याकडे 71 येत होते. सहा बाइट जास्तीचे. देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे दोन चिन्हं जास्त. आणि त्या वाक्यात दोनच जागा संशयाच्या होत्या: ‘वऱ्हाड’ आणि ‘पऱ्हाटी’. हा अर्धा ऱ आपण दोन प्रकारे टाइप करू शकतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त येतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर नावाचं डोळ्यांना न दिसणारं चिन्ह. नव्या लॅपटॉपवरचं टायपिंगचं सॉफ्टवेअर दुसरा प्रकार लिहीत होतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. काकाजी खरंच बोलत होते.

यावर युनिकोडचं एनएफसी रूप, म्हणजे दोन प्रकारे साठवलेलं तेच अक्षर एकाच ठरावीक प्रकारात, करून घ्या असं सगळे सांगतात (फोन टेकवून पैसे देतात ते एनएफसी वेगळं). ते कराच. र आणि सुटा नुक्ता असा लिहिलेला ऱ त्यानं एकत्र होतो. पण जॉइनरवाला प्रकार एनएफसी तसाच ठेवतं, हे मी करून पाहिलं तेव्हा कळलं. म्हणून चावी काढण्याआधी मी र, हलन्त, जॉइनर हा क्रम शोधून त्या जागी ऱ आणि हलन्त घालते, मागचीपुढची रिकामी जागा कापते आणि मग एनएफसी करते. इंग्रजीतल्या धड्यांमध्ये हे सहसा मिळणार नाही, कारण त्यांच्या भाषेत वऱ्हाड नाही. आपली माणसं मराठीत पासवर्ड ठेवणार असतील तर ही काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल.

मुलाखतीत मला विचारलं होतं, की पासवर्डवरून चावी काढायला एचकेडीएफ का चालत नाही. ते 2010 चं फंक्शन, आणि वेगवान आहे. आधीच भक्कम असलेल्या एका चावीपासून अनेक चाव्या काढायला बनवलेलं. कमकुवत पासवर्डला त्यानं काही संरक्षण मिळत नाही. गटाच्या प्रोग्राममध्ये आता पीबीकेडीएफ2 नं काढलेली चावी मग एचकेडीएफला दिली जाते: वजनपावत्यांची चावी वेगळी, बँक खात्यांची वेगळी.

सरावासाठी आरएफसी 6070 हा पीबीकेडीएफ2 च्या नमुना उत्तरांचा दस्तऐवज घ्या. साधी मजकुराची फाइल आहे, एकदा उतरवली की भारनियमनातही वाचता येते. त्यात पासवर्ड, सॉल्ट, फेऱ्या आणि एसएचए-1 हा हॅश वापरून येणारं अपेक्षित उत्तर दिलेलं आहे. तुमचं उत्तर शेवटच्या बाइटपर्यंत जुळलं, की मगच स्वतःच्या डेटाला हात लावा.

दुरुस्त प्रोग्राम पाठवल्यावर काकाजींनी पुन्हा पासवर्ड टाकला. थोडा वेळ फोनवर नुसता पंखा ऐकू येत होता. मग ते मोठ्यानं पहिली नोंद वाचू लागले, आणि मी माझ्याकडच्या प्रतीशी क्विंटल जुळवत बसले.